देवदासच्या वाटेतली भिंत

शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या ‘देवदास’ कादंबरीत लग्न मोडते ते अगदी घरगुती कारणांवरून. तालसोनापूर गावात जमीनदार मुखर्जी आणि बेताच्या ऐपतीचे चक्रवर्ती यांची घरे शेजारीशेजारी आहेत. पार्वतीची आजी देवदासच्या आईपाशी विषय काढून पाहते. मुलगी आईला आवडते. पण चक्रवर्तींकडे मुलीच्या लग्नात पैसे घेण्याची रीत, म्हणून ते घराणे हलके मानलेले. शिवाय सोयरे इतके जवळचे, हेही देवदासच्या वडिलांना पसंत नाही. विषय तिथेच मिटतो. कोणी कोणाला कोंडून घालत नाही, कारस्थान रचत नाही. तेरा वर्षांची पार्वती मग एका रात्री एकटीच जमीनदाराच्या घरात शिरून देवदासच्या खोलीत येते. दरवानाने पाहिले असेल याची तिला फिकीर नाही, त्याला आहे. दुसऱ्या दिवशी तो वडिलांपुढे शब्द टाकतो, बोलणी खातो, कोलकात्याला निघून जातो आणि तिथून पत्र धाडतो, की आपले तुझ्यावर तसे प्रेम कधी नव्हतेच. पत्र गेल्यावर त्याला पश्चात्ताप होतो, तो धावत परत येतो. पण तोवर पार्वतीचे लग्न हातीपोत्याच्या बिजवराशी ठरलेले असते आणि तिचा मानही जागा झालेला असतो. घाटावर ती त्याला ठणकावून नाही म्हणते. तो मासे धरायच्या गळाच्या काठीने तिच्या कपाळावर मारतो. कादंबरीचा निकाल इथेच लागतो. पुढे येते ती दारू, गणिका चंद्रमुखी, पांडुआ स्टेशनवर मध्यरात्री गाडीतून उतरणे आणि हातीपोत्यापर्यंतचा बैलगाडीचा प्रवास. हे सगळे त्या निकालाचे परिणाम आहेत.

ही उजळणी एवढ्यासाठी केली, की बहुतेकांच्या डोक्यात असलेला देवदास हा नव्हे. आपल्याला ठाऊक असलेला देवदास पडद्यावरून आलेला आहे, आणि पडद्यावर त्याच्या वाटेत पहिल्यापासून एक भिंत उभी आहे. १९२८ साली नरेश मित्र यांनी काढलेल्या मूकपटापासून आजवर बंगाली, हिंदी, असमिया, तमिळ, तेलुगू आणि सीमेपलीकडे बांगलादेश-पाकिस्तानातही ही कथा पुन्हापुन्हा चित्रित झाली. या साऱ्यांची तुलना करताना नेहमीचा प्रश्न असतो, कोणाचा देवदास चांगला. सैगल, दिलीपकुमार की शाहरुख? त्या वादातून फारसे काही हाती लागत नाही. तुलना करायचीच तर त्या भिंतीची करावी. ती किती उंच आहे, कशाची बांधली आहे आणि कोणी बांधली, हे दर आवृत्तीत बदलत गेले. कादंबरीत कच खाणारा तरुण आहे. पडद्यावर त्याच्या जागी हळूहळू एक अडवला गेलेला पुरुष येऊन बसला. माझ्या मते या बदलाचे मूळ तत्त्वज्ञानात किंवा दिग्दर्शकाच्या दृष्टीत शोधण्याआधी चित्रपटधंद्याच्या एका साध्या गरजेत शोधायला हवे, आणि ती गरज म्हणजे नटाचे वय.

शरच्चंद्रांनी ही कादंबरी १९०० च्या आसपास, स्वतः पंचविशीत असताना लिहिली. छापून आली ती १९१७ मध्ये. लिहिली त्या काळातल्या ब्राह्मण घरात तेरा वर्षांची मुलगी म्हणजे लग्नाला उशीर झालेली मुलगी. देवदासही विशीच्या आतबाहेरचा आहे. शिक्षणाचा खर्च बाप करतो, हातात स्वतःची दमडी नाही, स्वभाव लाडावलेला आणि तापट. अशा मुलाने वडिलांच्या एका फटकाऱ्याने माघार घ्यावी आणि महिनाभरात त्याला रडू फुटावे, यात न पटण्यासारखे काही नाही. आता याच जागी प्रत्यक्ष कोण उभे राहिले ते पाहा. प्रमथेश बरुआ १९३५ साली बत्तिशीकडे झुकले होते. सैगल त्याच वयाचे. दिलीपकुमार १९५५ मध्ये बत्तीस वर्षांचे, शाहरुख खान २००२ मध्ये छत्तीसचा. १९७९ च्या बंगाली चित्रपटात सौमित्र चटर्जी तर चव्वेचाळिशीत होते. तिशी ओलांडलेला, भारदस्त आवाजाचा, पडद्यावर आला की प्रेक्षक सावरून बसतात असा पुरुष ‘बाबा नको म्हणाले’ एवढ्यावर परत फिरला, तर तो पोरवयाचा कच्चेपणा राहत नाही. निव्वळ भ्याडपणा दिसतो. भ्याड नायकासाठी तिकीट कोण काढील? म्हणजे एक तर नट लहान हवा किंवा अडथळा मोठा हवा. नट लहान करणे परवडणारे नव्हते. पार्वतीच्या बाजूनेही तीच अडचण होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले. बोलपट आला तेव्हा तेराव्या वर्षीची वधू ही सुधारकांच्या भाषणातली दुःखकथा झाली होती, तिला प्रेमकथेची नायिका करणे शक्य नव्हते. त्यामुळे दोघेही मोठे झाले, आणि त्यांच्यामागून भिंत वाढू लागली.

न्यू थिएटर्स या कंपनीसाठी बरुआंनी दिग्दर्शित केलेल्या आवृत्तीत ही वाढ अजून फार झालेली नाही. बरुआ आसामातल्या गौरीपूरच्या जमीनदार घराण्यातले. अशा घरातला हट्टी, एकाकी मुलगा कसा वागेल हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. बंगाली देवदास त्यांनी स्वतः केला, तोही आवाज न चढवता, जवळजवळ सपाट बोलून. रंगभूमीच्या थाटात संवाद फेकण्याचा तो काळ होता, त्यात हे मोठे धाडस होते. या बंगाली चित्रपटाचा बराच भाग आज नष्ट झाला आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या हिंदी आवृत्तीत त्यांनी सैगलला उभे केले, आणि भिंतीआधी आणखी एक गोष्ट कथेत शिरली, ती म्हणजे गाणे. कादंबरीतल्या देवदासला स्वतःच्या दुःखाविषयी धड चार वाक्ये बोलता येत नाहीत; तो मुका होतो आणि पितो. सैगलचा देवदास मात्र गातो, आणि इतके सुंदर गातो की आपण दोष द्यायचे विसरतो. गळ्यात असे दुःख असलेला माणूस अपराधी कसा असेल? तिमिर बरन यांचे संगीत, केदार शर्मांची गीते आणि त्यांच्या तबकड्या ज्या घरी पोहोचल्या, तिथे ते पत्र आणि ती गळाची काठी पोहोचली नाही. पोहोचली ती फक्त विरहाची आस. बरुआंनी आणखी एक युक्ती केली: इकडे देवदास ग्लानीत हाक मारतो, तिकडे पार्वती अडखळते, आणि दृश्ये एकमेकांत गुंफली जातात. तांत्रिकदृष्ट्या ते त्या काळच्या मानाने फार पुढचे होते. पण त्याचा अर्थ असा झाला, की या दोघांची गाठ दैवानेच बांधली आहे आणि ती सुटण्यात कोणा माणसाचा हात नाही. शरच्चंद्र दैवाला असे सहजासहजी बोलावत नाहीत.

या करुणेला त्याच काळात पुण्यातून जोरदार उत्तर गेले होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. १९३९ साली प्रभातने ‘माणूस’ काढला, हिंदीत ‘आदमी’. पोलीस शिपाई गणपत म्हणजे शाहू मोडक, वेश्या मैना म्हणजे शांता हुबळीकर. देवदाससारख्या चित्रपटांमुळे तरुणांना निराशेची गोडी लागते, असे दिग्दर्शक शांतारामबापूंचे मत होते, आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी हा चित्रपट केला. इथेही प्रेम फळत नाही. मैना तुरुंगात जाते, गणपत खचतो. पण शेवटी तो पुन्हा कामावर उभा राहतो. ‘माणूस’मध्येही समाजाची भिंत आहे, आणि देवदासच्या भिंतीपेक्षा ती कितीतरी खरी आहे: वेश्येला सून करून घ्यायला कोणते घर तयार होते? फरक एवढाच, की ती भिंत दाखवूनही चित्रपट नायकाला जबाबदारीतून सोडत नाही. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र मराठी घरात आपल्यातलेच लेखक असल्यासारखे वाचले जात होते, तेव्हा या उत्तराला बंगालद्वेष म्हणता येणार नाही. थोडे उपदेशाचे अंग त्याला आहे, हे मात्र कबूल करायला हवे. बापूंना तो मोह नेहमीच होता.

१९५३ मध्ये वेदांतम् राघवय्यांनी तेलुगू आणि तमिळमध्ये देवदास काढला. अक्किनेनी नागेश्वर राव आणि सावित्री यांनी तो दक्षिणेत इतका रुजवला, की तिथल्या प्रेक्षकाला सैगलची आठवण काढावी लागली नाही. पण भिंतीच्या इतिहासात खरा टप्पा येतो तो १९५५ चा. बिमल रॉय हे बरुआंच्या देवदासचे छायालेखक. म्हणजे कॅमेऱ्यामागे उभे राहून त्यांनी ही कथा एकदा पाहिलेली होती. पूर्व बंगालातल्या जमीनदार घरात वाढलेला हा माणूस मुंबईत येऊन ‘दो बिघा जमीन’ करून मोकळा झाला होता. त्याच १९५३ साली पश्चिम बंगालमध्ये जमीनदारी संपवणारा कायदाही झाला. त्यामुळे १९५५ च्या प्रेक्षकाला मुखर्जींचा वाडा दिसला तो पाडायला आलेली इमारत म्हणून. बिमलदांची आवृत्ती कादंबरीला सर्वात प्रामाणिक समजली जाते, आणि प्रसंगांच्या हिशेबाने ती आहेच: बालपण निवांतपणे येते, रात्रीची भेट येते, काठीचा घाव येतो, सुचित्रा सेनच्या चेहऱ्यावरचा मान येतो. पण जे बदलले तेच महत्त्वाचे. राजिंदर सिंग बेदींच्या संवादांत देवदास स्वतःला समजावून सांगू लागतो. पिण्याविषयीचे त्याचे बोलणे तर लोकांच्या तोंडी बसले. शेवटी हवेलीचे दार लागते. कादंबरीत पार्वती बातमी ऐकून बेभान धावत सुटते, नोकर तिला धरतात, ती बेशुद्ध होते. तिथे दाराचे नाट्य नाही. पडद्यावरचे दार दोघांमध्ये जे काही आले त्या सगळ्याला एक आकार देते, लाकडाचा आणि लोखंडाचा. प्रेक्षक घरी जातो तो त्या दारावर दात खात. तालसोनापुरातली गळाची काठी तोवर तो विसरलेला असतो.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत वजन आहे. पहिला असा, की शरच्चंद्र मुळातच समाजाचा लेखक. जात, कुळ, हुंडा, विधवा यांच्याबद्दल त्यांच्याइतके त्या पिढीत कोणी लिहिले? मग भिंत कादंबरीतच होती, सिनेमाने फक्त तिच्यावर उजेड टाकला. भिंत होती, हे खरे. ‘देवदास’च्या शेवटी गावात त्या देहाला शिवायलाही कोणी पुढे येत नाही, याहून कडवट टीका काय हवी? पण कादंबरी त्याच भिंतीपुढे दोन माणसांना उभे करते. देवदासला पुरुषपण, पैसा, घराणे सगळे आहे; पार्वतीजवळ काहीच नाही, उलट एका रात्रीच्या बोभाट्याने तिचा जन्म वाया जाऊ शकतो. तरी भिंत ओलांडते ती. एकाच अडथळ्याला दोघांनी दिलेली दोन उत्तरे, हेच कादंबरीचे न्यायालय आहे. समाजच पूर्ण दोषी असता, तर शरच्चंद्रांना तो रात्रीचा प्रसंग लिहायचे कारण नव्हते. शेवटच्या परिच्छेदात ते वाचकाशी थेट बोलतात आणि देवदाससाठी प्रार्थना मागतात, तेव्हाही त्याला अभागी म्हणताना संयम नसलेला आणि पापी म्हणायला कचरत नाहीत. दया मागताना त्यांनी आरोप मागे घेतलेला नाही.

दुसरा आक्षेप सिनेमाच्या बाजूचा. मनातली कचखाऊ वृत्ती कॅमेऱ्याला दिसत नाही. दार दिसते, वाडा दिसतो. तेव्हा अंतर्गत दोषाला बाहेरचे रूप देणे ही माध्यमाची सक्तीच आहे. हा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण बिमल रॉयनीच तो खोटा पाडला आहे. कादंबरीत पार्वती आणि चंद्रमुखी कधी भेटत नाहीत. १९५५ च्या चित्रपटात त्या वाटेवर एकमेकींना ओलांडून जातात, फक्त पाहतात. एक शब्दही नाही. दोन बायकांच्या मनातली मोजणी त्या काही क्षणांत कॅमेऱ्याने पकडली. जो कॅमेरा हे करू शकतो, त्याला पत्र लिहिणाऱ्या माणसाच्या बोटांतला भित्रेपणाही टिपता आला असता. जाता जाता, चंद्रमुखी झालेल्या वैजयंतीमालांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले तेव्हा आपली भूमिका नायिकेच्या तोडीची आहे म्हणून त्यांनी ते नाकारले. त्या एका दृश्यापुरते पाहिले तरी त्यांचे म्हणणे बरोबर होते.

भिंतीचा कळस २००२ मध्ये झाला. संजय लीला भन्साळींचा देवदास त्या वेळचा सर्वात खर्चिक हिंदी चित्रपट. कान महोत्सवात दाखवला गेलेला. त्याची वास्तू उभी केली दापोलीकडच्या नितीन चंद्रकांत देसाईंनी. रंगीत काचांची पारोची हवेली, पाण्याकाठचा चंद्रमुखीचा कोठा, आणि या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. शरच्चंद्रांच्या गावातल्या दोन शेजारच्या घरांचे इथे दोन महाल झाले. कारणेही त्याच मापाने फुगली. देवदास कोलकात्याहून नव्हे, लंडनहून शिकून येतो. पारोच्या आईला भर समारंभात नाचायला लावून तिचा पाणउतारा होतो आणि ती सुडाने मुलीला आणखी श्रीमंत घरी द्यायची प्रतिज्ञा करते. घरात कान भरणारी भावजय आहे, पारोच्या सासरी डोळा ठेवणारा जावई आहे. सासू, भावजय, नणंदा यांच्या डावपेचांच्या मालिका रोज रात्री दूरचित्रवाणीवर बघणाऱ्या प्रेक्षकाला हा अडथळा ओळखीचा होता. इतक्या जणांनी मिळून अडवल्यावर देवदासला स्वतःला अडवायचे कामच उरले नाही. पत्र तो इथेही लिहितो, पण पत्र लिहिणाऱ्याकडे बघायला सवड कोणाला आहे? कपाळावरचा घावही बदलला: गळाच्या काठीऐवजी लग्नाच्या दिवशी दागिन्याने. संतापलेल्या पोराचे हत्यार जाऊन शृंगाराची खूण आली. आणि ज्या दोन बायकांनी १९५५ मध्ये नुसते पाहिले होते, त्या आता एकत्र नाचतात. माधुरी दीक्षित आणि ऐश्वर्या राय यांना एका नृत्यात पाहण्याचा आनंद मी नाकारणार नाही. सरोज खान यांचे ते नृत्यदिग्दर्शन पुरस्काराला पात्र होते आणि त्यांना तो मिळालाही. पण हे नृत्य घडायला मधले अंतर मिटवावे लागते, आणि ते मिटले की चंद्रमुखीला आपला धंदा सोडून खेड्यात राहावेसे का वाटले, या कादंबरीतल्या सर्वात विलक्षण प्रश्नाला जागाच राहत नाही.

सात वर्षांनी अनुराग कश्यपने भिंतच पाडून टाकली. ‘देव डी’ मधला अभय देओल तिशीतलाच, म्हणजे माझा वयाचा हिशेब इथे चुकायला हवा होता. तो चुकत नाही, कारण कश्यपने उलटा मार्ग धरला: मोठ्या माणसाचा भ्याडपणा लपवण्याऐवजी तोच विषय केला. पंजाबातल्या या देवला घरातून कोणी अडवत नाही. पारो सायकलवर गादी बांधून शेतात येते, रात्री चोरून येणाऱ्या पार्वतीइतकीच निर्भय. देव तिला सोडतो ते कोणा फालतू माणसाने तिच्या चारित्र्याबद्दल केलेल्या बाताडीवर विश्वास ठेवून. कुळ नाही, जमीनदारी नाही. नुसता पुरुषी संशय. इथल्या चंदाची गोष्ट २००४ च्या दिल्लीतल्या शाळकरी मुलीच्या चित्रफितीच्या प्रकरणावर बेतलेली, देवच्या गाडीखाली माणसे मरतात ती १९९९ च्या अशाच एका खऱ्या प्रकरणाची आठवण देणारी. समाज आहे, आणि तो भयंकर आहे. पण देवच्या आणि पारोच्या मध्ये तो उभा नाही. पुढे पारो दिल्लीला त्याच्या खोलीवर येते, पसारा आवरते, कपडे धुते आणि त्याला त्याची लायकी ऐकवून निघून जाते. घाटावर नाही म्हणणारी शरच्चंद्रांची पार्वती पडद्यावर मला इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसली नाही. गंमत अशी, की याच चित्रपटातली चंदा आपले नाव घेते ते भन्साळींचा देवदास पडद्यावर बघून. पडद्यावरचे देवदास पुस्तकापेक्षा आधीच्या पडद्याचेच वारस आहेत, हे कश्यपने उघडच मांडले.

मात्र दोष नायकाकडे परत देताना कश्यपलाही एक किंमत मोजावी लागली: त्याचा देव मरत नाही. तो सावरतो, चंदाबरोबर मोटारसायकलवर निघतो. आधीच्या दिग्दर्शकांनी देवदासला मरू दिले, कारण त्यांनी त्याला निर्दोष केले होते. निर्दोषाचे मरण करुण दिसते. कश्यपने त्याला दोषी केले, मग मारणे ही शिक्षा वाटली असती, म्हणून जगवले. दोषीही आहे आणि त्याच्यासाठी रडायचेही आहे, हा शरच्चंद्रांचा हिशेब दोन्ही गटांपैकी कोणाला जमला नाही. कादंबरीत तो जमतो, कारण तिथे देवदास अजून पोर आहे. पोराचा अपराध खरा असूनही त्याच्यावर माया करता येते. ज्या वयात वडिलांचा एक फटकारा आभाळाएवढा वाटतो त्या वयाचा नट घेऊन हा चित्रपट काढायचा, तर नायिकाही तेवढीच लहान घ्यावी लागेल. तिला आजचा कायदा अल्पवयीन म्हणेल, आणि ते योग्यच आहे. बरुआंपासून भन्साळींपर्यंत कोणत्याही निर्मात्याला हा मार्ग मोकळा नव्हता. उरला होता तो गवंडीकामाचा.